उजवा इअरफोन

“मॅडम, अ‍ॅडेल सोडून दुसरं कुणी मनाला भिडतच नाही. माझ्यात काही बिघडलंय का?”

गायकाचं नाव बदलतं, कधी अरिजित सिंग, कधी लुईस कपाल्डी. प्रश्न मात्र हाच. समुपदेशक म्हणून तो इतक्या वेळा कानावर आलाय, की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ही मुलगी 26 वर्षांची, हिंजवडीत नोकरीला. अ‍ॅपनं सुचवलेले ‘असेच आणखी’ कलाकार तिनं पालथे घातले होते. सॅम स्मिथ झालं, कपाल्डी झालं. “आवाज छान आहेत, पण परके वाटतात.” आईला धास्ती, की रडकी गाणी ऐकून पोरगी डिप्रेशनमध्ये जाईल. झोप, जेवण, कामातलं लक्ष मी आधी नीट विचारून घेतलं. ते बिघडलं असतं तर गाण्यांचा विषय बाजूला ठेवला असता. तसं नव्हतं.

चौथ्या भेटीत म्हटलं, “इथंच ऐक. जिथं भिडतं तिथं हात वर कर.”

तिनं पर्समधून वायरचे इअरफोन काढले. डावा कानात घातला. उजवा मांडीवर तसाच पडून राहिला.

“आणि तो?”

“तो ताईचा...” म्हणाली आणि थांबली.

2011 मध्ये अ‍ॅडेलचा ‘21’ हा अल्बम आला तेव्हा ही सातवीत होती. शाळेच्या बसमध्ये दोघी बहिणी एकच जोडी वाटून घ्यायच्या. ताई दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन जर्मनीला गेली. मी बराच वेळ काही बोलले नाही. तिला रडू दिलं. अशा वेळी गप्प बसणं मला वर्षानुवर्षांच्या सरावानं जमलंय आणि त्याचं मोल मी जाणते.

माझ्या मते आवड आधी माणसाला चिकटते, मग सुराला. अ‍ॅपला आवाजातलं साम्य सापडतं, शेजारी कोण बसलं होतं ते कसं सापडणार? म्हणून नवं शोधताना आधी स्वतःला विचारा: हे मी पहिल्यांदा कुणाबरोबर ऐकलं? भिडतं ते नेमकं कुठं? फाटणाऱ्या आवाजात, शब्दांत, की नुसत्या पियानोत? “सॅड साँग्ज” असं शोधण्यापेक्षा हे उत्तर जास्त उपयोगी पडतं.

दुसरं, आवडत्या गायिकेनं स्वतः काय ऐकलं ते ऐका. अ‍ॅडेलनं किशोरवयात जुन्या अमेरिकन गायिका एटा जेम्सची सीडी घेतली ती तिची केशरचना आवडली म्हणून. गाणं नंतर ऐकलं आणि त्यातच रमली. एमी वाइनहाउसच्या 2003 मधल्या पहिल्या अल्बममुळे गिटार हाती घेतल्याचंही तिनं सांगितलंय. या वाटेनं गेलं की नवा आवाज ओळखीच्या घरातला वाटतो. आणि पहिल्याच ऐकण्यात निकाल देऊ नका. अ‍ॅडेलसुद्धा सातवीत कितीदा ऐकली होती ते आठवा.

तिला एवढंच सुचवलं, की रविवारी फोनवर ताईबरोबर एकाच वेळी एक नवं गाणं लावायचं. सुरुवात एटा जेम्सपासून.

तीन आठवड्यांनी मेसेज आला: “मॅडम, ताईला एटा अजिबात आवडली नाही. मला खूप आवडली. तासभर भांडलो. पुढच्या रविवारी गाणं ती निवडणार आहे.”