छोट्या फर्मने आर्किटेक्चर स्पर्धेत उतरावं का? आणि जिंकायचं कसं?

तुम्ही विचारलंय की, पाच जणांचं ऑफिस आहे, आजवर बंगले आणि एक-दोन शाळा केल्यात, आता शहरात नव्या नाट्यगृहासाठी स्पर्धा जाहीर झालीय. अशा स्पर्धा चालतात कशा, आणि मोठ्या नावांपुढे आपला निभाव लागेल का?

निभाव लागतो. कैरोजवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियमच्या स्पर्धेत १५५७ प्रवेशिका आल्या होत्या. २००३ साली निकाल लागला तेव्हा काम मिळालं डब्लिनच्या हेनेगन पेंग या छोट्या ऑफिसला, ज्याचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. प्रवेशिका निनावी असते, ड्रॉइंगच्या शीटवर फक्त कोड नंबर असतो, म्हणून हे घडू शकतं. आपल्याकडेही ही पद्धत नवी नाही. मुंबईचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९०९ साली खुल्या स्पर्धेतूनच आर्किटेक्ट जॉर्ज विटेटकडे आलं.

पण आधी हे तपासा की तुमच्यासमोर आहे ती खरंच डिझाइनची स्पर्धा आहे का. आपल्याकडे खुली स्पर्धा कुठल्याही नोंदणीकृत आर्किटेक्टला असते, मर्यादित स्पर्धेत ठरावीक फर्म्सना बोलावतात. एकाच टप्प्यात निकाल लागतो किंवा आधी संकल्पना मागवून त्यातल्या चार-पाच जणांना मानधन देऊन पुढचं काम करायला सांगतात. छोट्या ऑफिससाठी दोन टप्प्यांची स्पर्धा सगळ्यात चांगली, कारण पहिल्या फेरीत खर्च कमी होतो. याउलट ज्या कागदात ईएमडी (म्हणजे बयाणा रक्कम), मागच्या तीन वर्षांची उलाढाल आणि फीचा आकडा मागितलाय, ते टेंडर आहे, वर नाव काहीही असो. दिल्लीच्या सेंट्रल व्हिस्टासाठी २०१९ साली गुणवत्तेला ८० आणि फीला २० असं वजन ठेवून सल्लागार निवडला गेला. सार्वजनिक इमारतीचा आर्किटेक्ट असा निवडू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग ज्युरीची नावं पाहा. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, म्हणजे आर्किटेक्ट्सची नोंदणी करणारी राष्ट्रीय संस्था, तिची स्पर्धांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ज्युरीत आर्किटेक्ट्सचं बहुमत हवं आणि ज्युरीची नावं आधीच जाहीर हवीत, हा त्यांचा गाभा. नावं दिलेलीच नसतील तर मी त्या स्पर्धेत वेळ घालवत नाही. पहिल्या बक्षिसासोबत काम मिळणार आहे की नुसता धनादेश, कॉपीराइट कुणाकडे राहणार, काम रद्द झालं तर विजेत्याला काय मिळणार, हेही वाचा. जागा महापालिकेच्या ताब्यात आहे का आणि बजेटमध्ये तरतूद झालीय का, हे तर तुम्ही त्याच शहरात असल्यामुळे बांधकाम विभागात चौकशी करून समजू शकतं. हे महत्त्वाचं अशासाठी की कधीकधी जिंकूनही इमारत होत नाही. हेलसिंकीच्या गुगेनहाइम कलासंग्रहालयासाठी १७१५ प्रवेशिका आल्या, २०१५ साली विजेता जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या नगर परिषदेने प्रकल्पच फेटाळला. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राची १९८६ची स्पर्धा राल्फ लर्नर यांनी जिंकली. त्यांच्या आराखड्यातला थोडाच भाग बांधला गेला. शेकडो ऑफिसांनी रात्री जागवलेल्या असतात, त्याचं असं होताना पाहून मला आजही वाईट वाटतं.

हे सगळं जुळलं तर मग डिझाइन. माझ्या अनुभवात स्पर्धा एका ठाम निर्णयावर जिंकली जाते, आणि तो बहुतेक वेळा जागेबद्दलचा असतो. पॅरिसच्या पाँपिदू सेंटर या कलाकेंद्रासाठी १९७१ साली ६८१ प्रवेशिका आल्या. रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या आर्किटेक्ट्सनी जवळपास अर्धा प्लॉट मोकळा सोडून शहराला चौक दिला. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाची १९८१ची स्पर्धा तर प्रत्येक आर्किटेक्टने एकदा अभ्यासावी. १४२१ प्रवेशिकांमधून निवडली गेलेली माया लिन तेव्हा येल विद्यापीठात शिकत होती, वय २१. तिची पेस्टलमधली चित्रं अगदी साधी होती, सोबत हाताने लिहिलेला मजकूर. निर्णय एकच: जमिनीला छेद द्यायचा आणि त्या काळ्या भिंतीवर नावं मृत्यूच्या क्रमाने कोरायची. आपल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या स्पर्धेत चेन्नईच्या वीबी डिझाइन लॅबने इंडिया गेटशी उंचीत बरोबरी करायची नाही असं ठरवलं आणि बराचसा भाग जमिनीच्या पातळीखाली नेला. २०१९ साली स्मारक खुलं झालं. तिथे उभं राहिलं की हा निर्णय किती योग्य होता ते कळतं.

तुमचा निर्णय एका वाक्यात सांगता येत नसेल तर रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवरची हुबेहूब चित्रं, करायला घेऊ नका.

आता ज्युरीच्या खोलीत काय होतं ते सांगतो, कारण मी तिथे बसलोय. समजा दोनशे प्रवेशिका आहेत आणि पहिल्या फेरीला एक दिवस. आठ तासांत एकेका प्रवेशिकेला अडीच मिनिटंसुद्धा येत नाहीत. शीट्स सॉफ्टबोर्डवर टाचलेल्या असतात आणि ज्युरर चालत चालत बघतात. दहा फुटांवरून जे कळतं त्यावर पहिली चाळणी होते. म्हणून पहिल्या शीटवर एकच मोठं ड्रॉइंग ठेवा, शक्यतो सेक्शन (इमारतीचा उभा छेद), आणि खाली दोन ओळी मराठीत किंवा सोप्या इंग्रजीत. बारा छोटे व्ह्यू लावलेली शीट दुरून नुसती राखाडी दिसते.

दुसऱ्या फेरीत मात्र लोक चष्मा चढवून जवळ येतात. नाट्यगृहाच्या एका स्पर्धेत ज्युरीतल्या एका ज्येष्ठ रंगकर्मीने प्रत्येक प्लॅनवर बोट ठेवून एकच गोष्ट शोधली होती: नेपथ्याचा टेम्पो रंगमंचाच्या पातळीला मागून लागतो का, आणि फ्लॅट्स, म्हणजे नेपथ्याच्या सपाट चौकटी, न वाकवता विंगेत येतात का. दिसायला सुरेख असलेल्या तीन प्रवेशिका तिथेच मागे पडल्या. शहर अभियंता अग्निशमनाच्या गाडीचा मार्ग आणि पार्किंग बघत होते. पावसाळ्यात मध्यंतराला हजार माणसं चहाला कुठे उभी राहणार, हेही कुणीतरी विचारतंच. तेव्हा आधी शहरातल्या बॅकस्टेजच्या मंडळींना भेटा, त्यांच्याबरोबर एक प्रयोग लावताना आणि आवरताना बघा. बाहेरगावच्या मोठ्या फर्मकडे हे नसतं. तुमची खरी ताकद इथे आहे.

स्ट्रक्चरल आणि अकूस्टिक कन्सल्टंट पहिल्या आठवड्यातच सोबत घ्या. जिंकल्यास काम त्यांचं, असं लेखी ठरवलंत तर बरेच जण सुरुवातीला फी न घेता बसतात. पाँपिदूच्या स्पर्धेत उतरायला तर अरुप या फर्मच्या इंजिनिअरांनीच रॉजर्सना राजी केलं होतं. ब्रीफमधलं, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या गरजांच्या कागदातलं, क्षेत्रफळ काटेकोर पाळा, शीटची संख्या आणि आकार सांगितल्याप्रमाणे ठेवा, आणि पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फर्मचं नाव राहिलं नाही ना ते पाठवण्यापूर्वी बघा. निनावीपणा मोडला की प्रवेशिका बाद.

सगळं ऑफिस यात गुंतवू नका. दोघांनी पूर्णवेळ आणि तुम्ही संध्याकाळी, एवढंच. चालू कामांचे क्लायंट बिथरले तर पगार थांबतील. निकालानंतर ज्युरीचा अहवाल मागा आणि प्रदर्शन लावलं तर सगळ्या प्रवेशिका नीट बघा, नंबर आला असला तरी.

आणि आजच एक काम करा. ब्रीफमध्ये रंगपट, तालीम आणि नेपथ्याच्या साठवणीला किती चौरस मीटर दिलेत ते पाहा. कमी वाटलं तर शंका-समाधानाची मुदत संपण्याआधी लेखी विचारा. उत्तर सगळ्या स्पर्धकांना जातं, त्यामुळे तुमची कल्पना उघड होईल असं काही त्यात लिहू नका.