गोडाची पार्टी, पण धावपळ नको

पहिल्यांदाच करताय ना, मग आधी पदार्थांची यादी अर्धी करा. तीन पुरेत: एक चॉकलेटचा, एक फळांचा, एक गारेगार. त्यातला एखादा विकतचा असला तरी कुणी विचारत नाही. (मी पहिल्या वेळी सात केले होते. पाहुणे दारात आणि माझे हात कोपरापर्यंत मैद्यात!)

चीजकेक, मूस आदल्या रात्रीच करा. फ्रिजमध्ये रात्रभर राहिले की नीट सेट होतात. लहान ग्लासांतच लावले तर ऐनवेळची कापाकापी वाचते. फ्रिजमध्ये जागा मात्र आधीच रिकामी करा, बहुतेकजण इथेच अडकतात. दुधाचे, क्रीमचे पदार्थ २ तासांहून जास्त बाहेर नकोत, म्हणून थोडे थोडेच काढा. आइस्क्रीम वाढण्याआधी १०-१५ मिनिटं फ्रीजरमधून खाली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे चमच्याशी कुस्ती नाही.

बोलावतानाच ‘जेवून या’ असं स्पष्ट सांगा. अंडं, दूध किंवा सुकामेवा कुणाला चालत नाही, तेही तेव्हाच विचारा. आणि एक बशी खारट काहीतरी ठेवाच. दोन-तीन गोड घास झाले की सगळ्यांचे हात तिकडेच वळतात.