साइमकोवर बर्फातून पर्च गरवण्यासाठी दोन-तीन गळांची रिग घरी कशी बांधावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या लेक साइमको तलावावर बर्फाला भोक पाडून यलो पर्च हे मासे गरवायला लागला आहात, दुकानातून सहा गळांची तयार रिग (गळ आणि वजन लावलेला दोरीचा तुकडा) आणलीत आणि ती दर वेळी गुंतते. घरी बांधायची तर गाठ कोणती, गळ किती, दोन गळांमध्ये अंतर किती?

गळ दोन, गाठ ड्रॉपर लूप (दोरीच्या मधून आडवा फास काढणारी), अंतर दीड वीत. घाईत असाल तर एवढ्यावर काम भागेल. बाकीचं सावकाश वाचा, कारण खरी गोम गाठीत नाही, भोकात आहे.

आधी ते पाकीट. सहा गळांची रिग म्हणजे बहुधा साबिकी, जपानी पद्धतीची. समुद्रात होडीवरून, बांगड्यासारख्या थव्याने फिरणाऱ्या माशांसाठी ती बनलेली. तिथे काठी लांब, खाली जड शिसं आणि वर मोकळी हवा. तुमच्या हातात पाऊण मीटरची काठी आणि समोर जेमतेम १५-२० सेंटिमीटरचं भोक. गुंतेल नाही तर काय! शिवाय ओंटारिओत एका दोरीला चारपेक्षा जास्त गळ लावता येत नाहीत, म्हणजे ते पाकीट जसंच्या तसं वापरणं बेकायदाच. दुकानात मिळतं म्हणून चालतं असं नाही. एकाच दांडीला तीन टोकं असलेला ट्रेबल मात्र एकच गळ धरतात. बर्फावर बहुतेक पाण्यांत माणशी दोन दोऱ्या चालतात, पण दोन्ही तुमच्यापासून ६० मीटरच्या आत आणि नजरेसमोर हव्यात. एक भोक गाडीजवळ पाडून दुसऱ्यावर गप्पा मारत बसता येत नाही.

कायदा चार म्हणतो, मग मी दोनवर का अडतो? मासा वर येतानाचा प्रकार डोळ्यांसमोर आणा. बर्फ हातभर जाड असेल तर भोक म्हणजे हातभर खोल नळी, आणि ऑगरच्या (बर्फाला भोक पाडायच्या गिरमिटाच्या) पात्याने तिची खालची कड धारदार सोडलेली असते. मासा वरच्या गळाला लागला की त्याच्याखाली मोकळे गळ लोंबत येतात. मासा फडफडतो, दोरी फिरते आणि मोकळा गळ त्या कडेत रुततो. मासा हाताशी आलेला, दोरी मात्र हलत नाही, आणि भोकात कोपरापर्यंत हात घातला तरी कड लागत नाही. खाली एकच मोकळा गळ असेल आणि त्याच्याजवळ वजन असेल, तर वजनामुळे दोरी सरळ लोंबते आणि गळ सहसा मधोमध राहून वर येतो. दोन मोकळे गळ असले की हा हिशेब बिघडतो. पर्च थव्याने येते, तेव्हा दोन गळांना एकदम दोन मासे लागणं अगदी नेहमीचं. तिसऱ्या गळाने टोपलीत फारशी भर पडत नाही, गुंत्यात मात्र नक्की पडते.

आता सामान. रिगसाठी सहा पौंडी (सहा पौंड ताण सोसणारं) फ्लोरोकार्बन घ्या, काठीवरची मुख्य दोरी आठ पौंडी. काही अडकलं तर रिग तुटावी, वरची दोरी नव्हे. फ्लोरोकार्बन साध्या तंगुसापेक्षा ताठ असतं आणि इथे तेच हवं आहे: लूप दोरीला चिकटून न लोंबता आडवा उभा राहतो. विणलेली दोरी रिगला वापरू नका. ती मऊ असल्यामुळे लूप उभाच राहत नाही, आणि ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे वर काढली की त्यावर बर्फाचे मणी जमतात. गळ आठ नंबरचे, बारीक तारेचे, लांब दांडीचे. (नंबर वाढला की गळ लहान होतो, नव्या माणसाची इथे हमखास गफलत होते.) लांब दांडी यासाठी की बधिर बोटांनी माशाच्या तोंडातून गळ काढताना धरायला काहीतरी असावं. वजन सात ते दहा ग्रॅम. शिशाऐवजी टंगस्टन किंवा कथलाचं घेतलंत तर उत्तम. पाणपक्षी शिशाचे गोळे गिळून मरतात, आणि कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमखालच्या शिशाच्या वजनांना बंदीच आहे.

रिग घरी बांधा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दिव्याखाली. उणे पंधरात हातमोजे काढून ही गाठ मारणं म्हणजे स्वतःचाच छळ.

साधारण दीड मीटर तंगूस कापा; तयार रिग मीटरभरापेक्षा आखूडच होईल, कारण लूप बरीच दोरी खातात. खालच्या टोकापासून एक वीत सोडून पहिला लूप. दोरीचा तळहाताएवढा फेर करा. दोरी जिथे स्वतःला ओलांडते तिथे चिमटीत धरा आणि एक बाजू दुसरीभोवती पिळत जा, सहा पीळ. आता त्या पिळांच्या बरोबर मधोमध बोटाने किंवा पेन्सिलीने फट पाडा, दोन्हीकडे तीन-तीन पीळ राहतील अशी. फेराची समोरची बाजू त्या फटीतून ओढून घ्या आणि दातांत धरा. हात दोनच असल्यामुळे दातांना पर्याय नाही. किळस वाटत असेल तर टेबलाला खिळा ठोका. मग गाठीला थुंकी लावून दोरीची दोन्ही टोकं सावकाश विरुद्ध दिशांना ओढा. ओली करायला विसरू नका. कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि तंगूस तिथेच अशक्त होतं. वरून गाठ धडधाकट दिसते, मासा लागला की कळतं. बरोबर बसली तर पीळ दोन्ही बाजूंना सारखे आवळलेले आणि लूप काटकोनात बाहेर आलेला दिसेल. लूप एका बाजूला कलला असेल तर फट मधोमध नव्हती. कापा आणि पुन्हा बांधा, ती गाठ सुधारत बसू नका.

लूप चार ते पाच सेंटिमीटर, म्हणजे तीनेक बोटं. याहून लांब झाला की तो मुख्य दोरीभोवती गुंडाळला जातो. तुमच्या तयार रिगच्या गुंत्याचं निम्मं कारण तेच असणार. दुसरा लूप पहिल्यापासून दीड वीत वर. हे अंतर ठरवण्याची परीक्षा सोपी आहे: वरचा गळ पूर्ण खाली झुकला आणि खालचा पूर्ण वर उलटला तरी दोघांची टोकं भेटता कामा नयेत. पाच सेंटिमीटरचे दोन लूप आणि दोन गळ मिळून १३-१४ सेंटिमीटर होतात, त्यामुळे ३० ते ३५ सेंटिमीटरमध्ये भरपूर मोकळीक राहते. वरच्या लूपच्या वर आणखी एक वीत सोडून टोकाला साधा दुहेरी फास करा. तो मुख्य दोरीच्या छोट्या स्विव्हलला (फिरत्या कडीला) अडकवायचा. सगळं मिळून रिग ७५-८० सेंटिमीटर भरते. यापेक्षा लांब करू नका. बादलीवर बसून काठी उचलली की रिग एका झटक्यात भोकाबाहेर यायला हवी. लांब रिगमध्ये स्विव्हल काठीच्या टोकाला टेकतो आणि मासा अजून बर्फाखालीच असतो, मग उरलेली दोरी हाताने ओढायची, तीही मध्ये एक उघडा गळ असताना.

गळ लावायला गाठ नको. लूप चिमटून नेढ्यातून घाला आणि गळ त्याच लूपमधून काढून ओढा. गळ बोथट झाला तर मिनिटात बदलता येतो. काहीजण लूपचा एक पाय गाठीजवळ कापून एकेरी दोरी करतात, दिसायला ती नाजूक असते. मी कापत नाही. दुहेरी दोरी ताठ राहते आणि पर्चला त्याचं काही सोयरसुतक नसतं. खाली वजन मात्र चार पौंडी तंगुसाच्या तुकड्याने बांधा. साइमकोच्या कुक्स बे या भागात तळाला शेवाळ आणि पाणवनस्पती भरपूर, तिथे वजन अडकलं तर तो तुकडा तुटेल आणि रिग वाचेल.

बर्फावरच रिग तुटली आणि तयार जोड संपले, तर ड्रॉपर लूपच्या नादी न लागता पालोमार गाठ मारा. गळाच्या नेढ्यातून दुहेरी दोरी घाला, साधी सैल गाठ मारा, पुढचा फास गळावरून उलटवून घ्या, ओली करून आवळा, पण खालचं टोक हातभर लांब ठेवा. ते टोक गळाच्या टोकाच्या बाजूने पुन्हा नेढ्यातून खाली ओढलं की गळ दोरीला आडवा, टोक वर करून उभा राहतो. त्याच टोकावर दीड वीत खाली दुसरा गळ तसाच, आणि शेवटी वजन. बांधायला सोपी, मऊ दोरीवरही चालते. तोटा एकच: वरची गाठ सुटली तर खालचं सगळं गेलं.

तयार रिग खिशात कोंबू नका. पोहायला शिकताना धरतात तो फोमचा दांडा डॉलर स्टोअरमध्ये मिळतो. त्याचे वीतभर तुकडे करा, एकेका तुकड्यावर एक रिग गुंडाळा आणि गळांची टोकं फोममध्ये रुतवून ठेवा.

आता पाण्यात सोडणं, कारण गाठी उत्तम असूनही गुंता होतो तो इथे. भोकातला चुरा झाऱ्याने स्वच्छ काढा. आधी वजन आत, मग खालचा गळ हाताने, मग वरचा. स्पूल (दोरीचं रीळ) मोकळा सोडून रिग तळाला आपटू देऊ नका. अंगठ्याने दाबत, दोरी ताणलेली ठेवून उतरवा. दोरी सैल पडली की आमिष गरगरतं आणि लूपला पीळ बसतो. वजन तळाला टेकलं की दोरी ताठ करा, अधूनमधून चार बोटं उचला आणि हलकेच टेकवा. पर्चचं तोंड लावणं फार मऊ असतं, काठीच्या टोकाला स्प्रिंग असेल तर ते दिसतं. पहिली लागली की लगेच उचलू नका, दोन-तीन श्वास थांबा. तिची धडपड बघून दुसरी येते. त्याहून जास्त थांबलात तर पहिलीही जाते.

आमिषाला साइमकोवर एमराल्ड शायनर या छोट्या माशाची परंपरा आहे. लहान असेल तर अख्खा, नाहीतर अर्धा कापून. अर्धा तुकडा कमी गरगरतो, म्हणून दोन गळांच्या रिगला मला तोच आवडतो. आमिषाचे मासे ओंटारिओत एका बेट झोनमधून (आमिषासाठी आखलेल्या विभागातून) दुसऱ्यात नेता येत नाहीत. वाटेतल्या दुकानातून घ्या आणि पावती खिशात ठेवा.

मासा वर काढताना सगळ्यात आधी तुमच्या हातापाशी येतो तो वरचा, बहुधा रिकामा गळ. खालच्या गळावर पर्च उसळत असते आणि वरचा गळ बोटापासून इंचभर अंतरावर. म्हणून वरच्या गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. कायद्याने लागत नाही, पण बोटातून गळ काढायची वेळ आली तर दुवा द्याल. मासे मोजत राहा: साइमको मासेमारीच्या ज्या झोन १६मध्ये येतो तिथे पर्चची दिवसाची मर्यादा स्पोर्ट परवान्यावर ५० आणि कमी मासे घेण्याच्या कॉन्झर्वेशन परवान्यावर २५ आहे. थव्यावर बसलात आणि दोन-दोन येऊ लागल्या की आकडा भराभर चढतो. (पन्नास पर्च साफ करायला किती वेळ लागतो याचाही विचार करा. रव्यात घोळवून तळल्यावर मात्र तक्रार राहत नाही.)

एका बाबतीत ही रिग काढून ठेवा. साइमकोच्याच केम्पनफेल्ट बेच्या खोल पाण्यात लेक ट्राउटसाठी जाल तेव्हा एक दोरी, एक जिग (वजन जोडलेला गळ). तीन-चार किलोचा ट्राउट वरच्या आठ नंबरी गळाला लागला, तर तो भोकाखाली गोल फिरतो, खालचा मोकळा गळ बर्फाच्या कडेत जातो आणि सहा पौंडी तंगूस तिथेच संपतं.