वहीतली वाईट बाई

“मॅडम, माझ्या वहीत मी फार वाईट बाई आहे.”

समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसल्या बसल्या त्यांचं पहिलं वाक्य हे. वय ५४, मुलं बाहेरगावी, घरी यजमान आणि ऐंशी पार केलेल्या सासूबाई. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) पिशवीतून विमा कंपनीची जुनी डायरी निघाली. रात्री ओटा आवरला की त्या तिच्यात कविता लिहायच्या. आधी पाऊस, मोगरा, कान्हा. वर्षभरात मात्र राग उतरू लागला. डायरी यजमानांच्या हाती लागली. ते एवढंच म्हणाले, “हे सगळं माझ्याबद्दल?” तेव्हापासून लिहिणं बंद, झोपही उडालेली.

लिहिणाऱ्या बायका येतात तेव्हा बहुतेकींच्या मनात हेच असतं. कविता जमते की नाही, ही काळजी कमी. घरच्यांबद्दल असं लिहिलं म्हणजे आपण कृतघ्न का, ही जास्त.

भूक, झोप, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, हे आधी विचारून घेतलं. तसं काही असतं तर वही बाजूला ठेवून त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेच पाठवलं असतं. झोपेखेरीज तक्रार नव्हती. मग एक कविता वाचायला सांगितली.

शेवटची पोळी माझी.
करपली तरी माझीच.
कुणी वाढली नाही,
मीच घेतली.

“यात वाईट बाई कुठेय?” मी विचारलं.

त्या बराच वेळ गप्प. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “इथे बघा. मला कुणी सांगितलं नव्हतं ना, करपलेलीच घे म्हणून.”

यजमानांवर लिहायला बसलेल्या बाईला कवितेत स्वतःच भेटली होती, आणि ते त्यांना मोठ्यानं वाचेपर्यंत दिसलं नव्हतं.

इथे माझीही चूक झाली. उत्साहात सांगून बसले, “रोज रात्री लिहा.” पंधरा दिवसांनी त्या आल्या त्या जास्तच थकलेल्या. वास्तविक मला ठाऊक असायला हवं होतं. जेम्स पेनबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी मनातली सल सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहिली. लिहून झाल्यावर त्यांना आधी वाईटच वाटलं. पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या खेपा मात्र कमी झाल्या. चार दिवस, रोज रात्री नव्हे. आम्ही वेळ बदलली: दुपारी, घड्याळ लावून, आठवड्यातून दोनदा. नंतर डायरी मिटून चहा.

कृतघ्नपणाचा सल त्यानं गेला नाही. तो हलला जात्यामुळे. त्यांची आई सातारकडची. पहाटे दळताना ओव्या म्हणायची. “सासूबद्दल असायच्या?” मी विचारलं. त्या हसल्या. “असायच्या की! आणि आजी पलीकडेच निजलेली असायची.” हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. विठोबा, भाऊ, लेक यांच्याबरोबर सासुरवासही त्यांत आहे. ऐकू जाईल इतक्या अंतरावर गायलेला. गाणारीला कुणी कृतघ्न म्हटलं नाही. दळण सरलं की ती चुलीकडे वळायची.

“म्हणजे आई तोंडानं म्हणायची ते मी लिहिते, एवढंच,” त्या म्हणाल्या. मी मान हलवली. खरं तर एवढंच नाही. ओवी हवेत विरते, डायरी उशीखाली सापडते. पण त्या दिवशी वाद घातला नाही.

यजमानांशी बोलणं सोपं गेलं नाही, आणि त्यांच्यातलं सगळं मिटलं असंही नाही. शेवटच्या भेटीत त्या डायरी न घेताच आल्या. ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी असते म्हणे आता. यजमान वाचतात. एकदा ‘माझीच’मधली दुसरी वेलांटी त्यांनी लाल पेनानं पहिली केली.

“मग?”

“मी परत दुसरी केली.”