वाचक विचारतात: रग्बी लीगचा अपराजित दौरा

१९८२ साली ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीग संघ, म्हणजे 'कांगारूज', ब्रिटन आणि फ्रान्सच्या दौऱ्यावर गेला आणि एकही सामना न हरता मायदेशी परतला. असं करणारा तो पहिलाच कांगारू संघ, म्हणून त्याला 'इन्व्हिन्सिबल्स' हे नाव मिळालं. या दौऱ्याबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: काही ठिकाणी २२ सामने जिंकले असं लिहिलेलं आढळतं, काही ठिकाणी २३. नेमका आकडा कोणता?

दोन्ही बरोबर आहेत, मोजणीची सुरुवात कुठून करायची एवढाच फरक. युरोपात २२ सामने झाले: ब्रिटनमध्ये १५ आणि फ्रान्समध्ये ७. युरोपला जाताना वाटेत संघ पापुआ न्यू गिनीत थांबला आणि पोर्ट मोर्सबीला एक कसोटी ३८–२ अशी जिंकला. ती धरली तर २३ होतात.

गुणांचा हिशेबही याच पद्धतीने लावावा. ब्रिटनमध्ये ऑस्ट्रेलियाने ४२३ गुण केले आणि ८० दिले. फ्रान्समध्ये २९१ केले आणि २० दिले. बेरीज ७१४–१००. पोर्ट मोर्सबी मिळवलं की ७५२–१०२. ७१४ हा आकडा २३ सामन्यांपुढे लिहिलेला दिसला तर तिथे गल्लत झाली आहे असं समजा.

प्रश्न: ब्रिटनविरुद्धची पहिली कसोटी ४०–४ सुटली. आजही असे निकाल लागतात, मग त्याचं एवढं कौतुक का?

कारण तेव्हा ट्रायला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवण्याला, ३ गुण होते. ४ गुण १९८३पासून मिळू लागले. बाकीचा हिशेब आजच्यासारखाच: ट्रायनंतरच्या कन्व्हर्जन किकला २, पेनल्टी गोलला २, ड्रॉप गोलला १. त्यामुळे १९८२चा कुठलाही निकाल आजच्या निकालाशेजारी ठेवायचा असेल, तर दर ट्रायमागे एक गुण वाढवून घ्या.

३० ऑक्टोबरला हल शहरातल्या बूथफेरी पार्कवर ऑस्ट्रेलियाने ८ ट्राय केले आणि मॅल मेनिंगाने ८ गोल मारले. ८ गुणिले ३ म्हणजे २४, अधिक १६, एकूण ४०. आजच्या हिशेबाने तो निकाल ४८–४ होतो. विगनची दुसरी कसोटी २७–६ सुटली, ५ ट्राय आणि ६ गोल. आज ती ३२–६ झाली असती. लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावरची तिसरी ३२–८, म्हणजे ६ ट्राय आणि ७ गोल, ती ३८–९.

त्या शेवटच्या ९मध्ये वाढलेला एक गुण स्टीव्ह इव्हान्सच्या ट्रायचा आहे. तीन कसोट्यांत मिळून ब्रिटनने केलेला तो एकमेव ट्राय. आमच्या मते या मालिकेची खरी मोजपट्टी तोच आकडा आहे, १९ ट्राय विरुद्ध १. मेनिंगा तेव्हा २२ वर्षांचा होता. तीन कसोट्यांत २१ गोल आणि २ ट्राय मिळून त्याने ४८ गुण केले.

प्रश्न: मला रग्बी युनियन थोडंफार कळतं. लीगचे जुने सामने बघताना कुठे लक्ष ठेवायचं?

चेंडूपेक्षा टॅकल झालेल्या, म्हणजे धरून पाडलेल्या, खेळाडूकडे बघा. लीगमध्ये एका बाजूला १३ खेळाडू असतात, युनियनमध्ये १५. युनियनमध्ये टॅकलनंतर चेंडूवर झोंबाझोंबी होते. लीगमध्ये टॅकल पूर्ण झालं की खेळ क्षणभर थांबतो आणि चेंडू त्याच संघाकडे राहतो. पडलेला खेळाडू उठतो, प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेकडे तोंड करतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागे सारतो. मागे उभा असलेला 'डमी हाफ' तो उचलतो. याला 'प्ले द बॉल' म्हणतात. अशा सहा टॅकलची मुभा असते.

सामन्याचं भवितव्य या तीन-चार सेकंदांत ठरतं. खेळाडू पोटावर, कोपर-गुडघ्यांच्या आधाराने पडला तर चटकन उठतो. बचाव करणारे मागे सरून रांग धरायच्या आत पुढची चाल सुरू होते. पाठीवर पडला आणि वर दोघं असले तर बचावाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. १९८२मध्ये बचावाची रांग फक्त ५ मीटर मागे असे (१० मीटरचा नियम १९९०च्या दशकातला), म्हणजे चाल करणाऱ्याला जागा फारच कमी. त्या अरुंद पट्टीतून वाट काढण्याचा उपाय म्हणजे ऑफलोड: टॅकल होत असताना, हात मोकळा आहे तोवर पास देणं. कांगारूंचे फॉरवर्ड (पुढच्या फळीतले दणकट खेळाडू) हे सतत करत आणि पास घ्यायला कोणी ना कोणी धावत येत असे. रे प्राइस आणि वेन पिअर्स यांच्यावर नजर ठेवा. चेंडू त्यांच्याकडे नसताना ते कुठे धावतात हे बघण्यासारखं आहे.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. सहाव्या टॅकलनंतर आज चेंडू सरळ दुसऱ्या संघाला मिळतो. तेव्हा स्क्रम होई, म्हणजे दोन्ही संघांचे फॉरवर्ड एकमेकांना भिडून रेटत, आणि त्यात चेंडूसाठी खरीखुरी लढत होई. म्हणून स्क्रममध्ये चेंडू पायाने आपल्याकडे ओढणाऱ्या हुकरचं मोल मोठं होतं. कर्णधार मॅक्स क्रिलिच स्वतः हुकर होता.

प्रश्न: ब्रिटनमधले १५ सामने किती दिवसांत झाले? एवढी दमछाक खेळाडू कसे सोसत?

१० ऑक्टोबर ते २८ नोव्हेंबर, म्हणजे ५० दिवसांत. सरासरी दर साडेतीन दिवसांना एक सामना, तोही मायदेशातला पूर्ण हंगाम खेळून आल्यावर.

उत्तर संघाच्या आकारात आहे. दौऱ्यावर २८ खेळाडू होते. सामन्याला १३ खेळणारे आणि २ राखीव, असे १५ लागत. उरले १३. म्हणजे एक संघ मैदानात असताना दुसरा पूर्ण संघ विश्रांती घेऊ शकतो. कागदावर हे चोख दिसतं. पण या हिशेबात जादा शिल्लक नाही. चौघं जायबंदी झाले की उरलेल्यांत ९च राहतात, आणि कालचे खेळलेले परवा पुन्हा उतरवावे लागतात.

बिघाड बहुधा ठरावीक जागांवर होतो. विंगर किंवा सेंटर कमी पडला तर मागच्या फळीतला दुसरा कोणी (बॅक) तिथे निभावून नेतो. हुकर आणि चाली रचणाऱ्या हाफबॅकचं तसं नाही. या दोन्ही जागांवर किमान दोन तयार माणसं हवीतच, आणि तिसऱ्याला कामापुरतं जमायला हवं. दौऱ्याचा संघ निवडताना पहिल्या तेरापेक्षा चौदाव्यापासून अठ्ठाविसाव्यापर्यंतची नावं जास्त विचार करून लिहावी लागतात, असं आम्ही म्हणू ते याचसाठी. हाफबॅकला पीटर स्टर्लिंग आणि स्टीव्ह मॉर्टिमर, त्याच्या जोडीला खेळणाऱ्या फाइव्ह-एटच्या जागी ब्रेट केनी आणि वॉली लुईस: दुसऱ्या फळीतलं नावही कुठल्याही देशाच्या पहिल्या संघात बसेल असं होतं.

तंदुरुस्तीही दिसून येते. पहिल्या कसोटीत मध्यंतराला निकाल होता १०–४. ब्रिटनचे चारही गुण १९ वर्षांच्या ली क्रुक्सच्या दोन गोलांचे. उत्तरार्धात ब्रिटनला काहीच मिळालं नाही आणि ऑस्ट्रेलियाने ३० गुण केले. बचाव दमला की रांग आधी कडेला विरळ होते, आणि तिथून एरिक ग्रोथसारखा धिप्पाड विंगर धावत आला की एकट्याने अडवणं अशक्य.

प्रश्न: सगळेच सामने एकतर्फी झाले का? कुठे हरता हरता वाचले?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच फार कमी जणांनी विचारला. दौरा अपराजित राहतो की नाही हे क्लबांविरुद्धच्या सामन्यांत ठरतं. कसोटीसाठी सगळे जय्यत तयार असतात. मधल्या वारी, जड मैदानावर, बदललेल्या संघानिशी खेळताना घात होतो.

ब्रिटनमध्ये तीनदा ऑस्ट्रेलियाचे फक्त १३ गुण झाले. विगनविरुद्ध १३–९, ब्रॅडफर्ड नॉर्दर्नविरुद्ध १३–६, हलविरुद्ध १३–७. विगनचा सामना दौऱ्यातला दुसराच. फरक ४ गुणांचा, आणि तेव्हा ट्राय अधिक कन्व्हर्जन म्हणजे ५ गुण. विगनने आणखी एक ट्राय करून त्यावर गोल मारला असता तर निकाल १४–१३ लागला असता आणि हा दौरा आज कोणी 'अजिंक्य' म्हणून ओळखला नसता. हलचा क्लब तर मध्यंतराला पुढे होता. सेंट हेलेन्सला ३२–०, लीला ४४–४ आणि कंब्रियाला ४१–२ असं हरवणारा हाच संघ आहे, हे विसरू नका.

फ्रान्समध्ये उलटं चित्र दिसतं. तिथे कसोट्याच चुरशीच्या झाल्या: आव्हिन्यॉंला १५–४ आणि नार्बोनला २३–९. या दोन वजा केल्या तर उरलेल्या पाच सामन्यांत २५३–७. फ्रान्सला कमी लेखू नये हे प्रशिक्षक फ्रँक स्टँटन यांना पक्कं ठाऊक होतं. १९७८च्या दौऱ्यातही प्रशिक्षक तेच होते, आणि त्या वेळी ऑस्ट्रेलियाने फ्रान्समधल्या दोन्ही कसोट्या गमावल्या होत्या, १३–१० आणि ११–१० अशा.

प्रश्न: वॉली लुईस उपकर्णधार असूनही ब्रिटनविरुद्धच्या कसोट्यांत सुरुवातीच्या तेरांत नव्हता. त्याच्यावर अन्याय झाला का?

आम्हाला तसं वाटत नाही. हाफबॅक आणि फाइव्ह-एट ही जोडी आहे, दोन सुट्या जागा नव्हेत. स्टर्लिंग आणि केनी हे दोघंही सिडनीच्या पॅरामॅटा क्लबचे. त्या क्लबने १९८१ आणि १९८२ची सिडनी प्रीमियरशिप जिंकली होती. स्टर्लिंगचा पास कुठे आणि कधी येणार हे केनीला विचारावं लागत नसे. प्राइस आणि ग्रोथही त्याच क्लबचे. दौऱ्यावर सरावाला वेळ मिळत नाही. ताळमेळ घरून घेऊन यावा लागतो. लुईसची गुणवत्ता वादातीत होती, म्हणूनच १९८६च्या दौऱ्यावर तो कर्णधार होता.

प्रश्न: १९८६चा संघही अपराजित राहिला ना? दोघांत श्रेष्ठ कोण?

हो. प्रशिक्षक डॉन फर्नर यांच्या त्या संघाने २० पैकी २० जिंकले, १३ ब्रिटनमध्ये आणि ७ फ्रान्समध्ये. ब्रिटनविरुद्ध ३८–१६, ३४–४ आणि २४–१५. ओल्ड ट्रॅफर्डच्या पहिल्या कसोटीला ५०,५८३ प्रेक्षक होते. जीन माइल्स आणि मायकेल ओ'कॉनर यांनी तिथे प्रत्येकी तीन ट्राय केले.

आमचा कौल १९८२ला. ब्रिटनला तेव्हा समोर काय येणार याची कल्पना नव्हती हे खरं, पण कसोटी मालिकेत एकच ट्राय देणं ही बचावाची कामगिरी आहे आणि ती १९८६च्या संघाला जमली नाही. १९८६चा ब्रिटिश संघ मात्र अधिक जाणता होता. १९८३मध्ये परदेशी खेळाडूंच्या बदल्यांवरची बंदी उठली आणि ऑस्ट्रेलियन खेळाडू इंग्लिश क्लबांत येऊ लागले. १९८५च्या चॅलेंज कप या क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात विगनकडून केनी आणि हलकडून स्टर्लिंग खेळला. विगन २८–२४ जिंकला. रोज त्यांच्यासोबत सराव करणाऱ्या ब्रिटिश पोरांनी जे उचललं, त्याचा परिणाम २४–१५ या निकालात दिसतो.

प्रश्न: २०२५मध्ये ऑस्ट्रेलियाने इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या जिंकल्या. तोही अपराजित दौराच म्हणायचा का?

शब्दशः हो. २६–६, १४–४, ३०–८ हे निकाल निर्विवाद आहेत. पण सामने तीनच, १५ दिवसांत, आणि तिन्ही कसोट्या. एकही क्लब सामना नाही, त्यामुळे विगन किंवा हलसारखा सापळाही नाही. १९८२शी तुलना करायची तर तीन कसोट्यांची तीन कसोट्यांशी करा. तिथे २०२५चा संघ बचावात बरोबरी करतो, चढाईत नाही.

प्रश्न: ही घोडदौड शेवटी कोणी आणि कधी थांबवली?

ग्रेट ब्रिटनने, २७ ऑक्टोबर १९९० रोजी, वेम्बलीवर, १९–१२. १९७८नंतर दौऱ्यावरच्या कांगारूंचा युरोपातला तो पहिला पराभव. ब्रिटनचा कर्णधार एलरी हॅन्ली, प्रशिक्षक माल्कम रायली. दुसऱ्या कसोटीत ओल्ड ट्रॅफर्डवर अगदी शेवटच्या क्षणांपर्यंत १०–१० अशी बरोबरी होती. रिकी स्टुअर्ट आपल्याच हद्दीतून चेंडू घेऊन सुटला आणि साथीला धावत आलेल्या मेनिंगाने, आता कर्णधार असलेल्या, ट्राय केला. १४–१०. तिसरी कसोटी ऑस्ट्रेलियाने १४–० घेतली आणि मालिकाही.