आमदार व्हायचं म्हणतेस, तर

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद.

पुढच्या विधानसभेची तयारी आतापासून सुरू करू का, असं तू विचारल्याचं तुझ्या बाबांनी कळवलं. मला थेट फोन केला नाहीस, म्हणजे मनात थोडा संकोच असणार. तो ठेवू नकोस. मनसुबा चांगला आहे आणि मुंबईत तो तुझ्याआधी अनेक नगरसेवकांनी धरला आहे. मनोहर जोशी १९६८ मध्ये महापालिकेत आले, पुढे महापौर झाले आणि १९९५ मध्ये मुख्यमंत्री. छगन भुजबळ १९७३ मध्ये नगरसेवक झाले आणि १९८५ या एकाच वर्षात मुंबईचे महापौरही झाले, माझगावचे आमदारही. विधानसभेला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा वयाचीही अडचण तुला नाही.

साहेबांकडे मी स्वीय सहाय्यक होतो, ते नगरसेवक असल्यापासून त्यांची आमदारकी संपेपर्यंत. महापालिकेतून विधानभवनात आलेले कितीतरी आमदार त्या काळात जवळून पाहिले. माणसं मेहनती, सकाळी सातला दार उघडणारी. पण त्यांतले बरेचजण आमदार होऊनही नगरसेवकच राहिले. आधी एका प्रभागाची गटारं, दिवे आणि पेव्हर ब्लॉक बघायचे, मग सहा-सात प्रभागांचे बघू लागले. मुंबईत प्रभाग २२७ आणि विधानसभेचे मतदारसंघ ३६, तेव्हा हिशेब तेवढाच येतो. आमदार निधीतून समाजमंदिर झालं, व्यायामशाळा झाली, दोन्हींवर नावाची पाटी लागली. लोक खूश, मतंही मिळाली. पण ज्या नियमामुळे शेजारच्या गल्लीतल्या माणसाचं काम अडलं होतं, तो नियम तसाच राहिला. इतक्या कष्टाने मिळवलेली जागा अशी वाया जाताना पाहून मला आजही वाईट वाटतं. म्हणून हे पत्र सविस्तर लिहितोय.

तुझ्या प्रभागातली टेकडीच घे. शहराच्या मोठ्या भागाला पाणी देणारं जलशुद्धीकरण केंद्र भांडुपला, आणि तिथल्याच टेकडीवरच्या बायका हंडे घेऊन चढतात. तुझ्या कार्यालयात येणारी बाई म्हणते, ताई, नळ द्या. तू जल खात्याच्या इंजिनिअरला फोन लावतेस. कितीतरी वर्षं त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं : झोपडी कोणत्या सालची? नळ महापालिकेचा, पण ती तारीख महापालिकेची नव्हती. १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी द्यायचं नाही, हे राज्य शासनाच्या परिपत्रकातून आलं होतं. महापालिकेच्या सभागृहात नगरसेवक कितीही तळमळीने बोलला तरी ते परिपत्रक हलणार नव्हतं. शेवटी लोक उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की घर अनधिकृत असलं म्हणून त्यातल्या माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही. पुनर्वसनाच्या घराचंही तसंच. १ जानेवारी १९९५ ही मुदत पुढे १ जानेवारी २००० झाली, मग २०११ पर्यंतच्या रहिवाशांना पैसे भरून घर देण्याची तरतूद आली. या प्रत्येक तारखेमागे हजारो घरांचं नशीब होतं. ती तारीख झोपडपट्टी कायद्यात विधिमंडळाने घातली, वॉर्ड ऑफिसने नव्हे.

त्याच टेकडीवर पावसाळ्यात काय होतं, हे तुला मी सांगायला नको. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरचं भारतनगर आणि विक्रोळीचं सूर्यानगर इथे झोपेत माणसं गाडली गेली. तेव्हापासून जूनच्या पहिल्या सरीला माझं लक्ष टेकडीकडे जातं. उतारावरच्या घरांना मे महिन्यात स्थलांतराची नोटीस देतं वॉर्ड ऑफिस. जमीन कुठे जिल्हाधिकाऱ्यांची, कुठे वन खात्याची. संरक्षक भिंत बांधायची म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, झोपडपट्टी सुधार मंडळाने. कायमचं घर द्यायचं तर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने. यांतल्या एकाच ठिकाणी, वॉर्ड ऑफिसात, तू अधिकाराने बोलू शकतेस. बाकी सगळीकडे निवेदन द्यायचं, पोच घ्यायची आणि हेलपाटे घालायचे. या सगळ्या खात्यांना एका दिवशी, एका छताखाली, नोंद होईल अशा रीतीने जाब विचारता येतो तो फक्त विधिमंडळात. आमदारकी हवी असेल तर ती यासाठी हवी.

महापालिकेचा स्वतःचा कायदासुद्धा बघ. तो १८८८ चा, आणि त्यातला स्वल्पविरामही नरिमन पॉइंटलाच बदलतो. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांच्या मालमत्ता कराचं आठवतंय का? वचन २०१७ च्या महापालिका निवडणुकीतलं. २०१९ मध्ये त्यातला फक्त सर्वसाधारण कर माफ झाला आणि पूर्ण माफीचा निर्णय राज्य सरकारकडून आला तो २०२२ मध्ये. प्रभाग २३६ करायचे की पुन्हा २२७, हेही विधिमंडळानेच ठरवलं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर प्रशासकाचा कारभार लांबत गेला, तेव्हा नळ आणि गटाराची तक्रार कोणाकडे न्यायची हे वस्तीतल्या माणसाला कळत नव्हतं. तू तेव्हा कार्यकर्ती होतीस. आठव ते दिवस.

आता मृणालताई गोऱ्यांबद्दल, कारण तुझ्या पिढीला त्यांचं नाव फक्त उड्डाणपुलावर वाचायला मिळतं. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून त्या चळवळीत आल्या. गोरेगाव तेव्हा मुंबईबाहेर होतं. तिथल्या ग्रामपंचायतीपासून त्यांनी सुरुवात केली. १९५७ मध्ये गोरेगाव मुंबईत आलं, १९६१ मध्ये त्या महापालिकेत निवडून गेल्या आणि पाण्यासाठी इतक्या भांडल्या की त्यांचं नावच ‘पाणीवाली बाई’ पडलं. १९७२ मध्ये विधानसभा. १९७७ मध्ये त्यांनी लोकसभा जिंकली आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा लोक म्हणाले, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण मला त्यांचं सगळ्यात मोठं वाटतं ते पुढचं काम. १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या आणि गर्भलिंग निदानाविरुद्ध त्यांनी अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराला मांडता येतं ते, विधेयक मांडलं. विरोधी बाकावरची एक आमदार, हातात एक मसुदा. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला तसा पहिला कायदा केला आणि केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ मध्ये आला. हंड्याच्या मोर्चातून आलेल्या बाईने देशाला वाट दाखवली. आमदार निधीतून हे झालं असतं का?

म्हणून तयारीला लाग, पण तयारी म्हणजे वाढदिवसाचे बॅनर असं समजू नकोस. प्रश्न लिहायला शीक.

हे काम मी केलंय म्हणून थोडं खोलात सांगतो. नवीन आमदार प्रश्न देतात : ‘अमुक टेकडीवर संरक्षक भिंत बांधण्याची मागणी होत आहे, हे खरे आहे काय?’ उत्तर येतं : ‘अंशतः खरे आहे. कार्यवाही सुरू आहे.’ आणि शेवटच्या भागाला : ‘प्रश्न उद्भवत नाही.’ संपलं. साहेबांना मी तारखांशिवाय प्रश्न देऊ द्यायचो नाही. धोकादायक उताराचं सर्वेक्षण कोणत्या महिन्यात झालं, त्यात किती घरं निघाली, ती कोणत्या खात्याच्या जमिनीवर आहेत, भिंतीची मागणी कोणत्या दिनांकाच्या पत्राने गेली, ते पत्र आज कोणाच्या टेबलावर आहे, आणि मग ते ठरलेलं वाक्य : ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ असा प्रश्न गेला की मंत्रालयातला कक्ष अधिकारी फाइल बाहेर काढतोच, कारण खोटं उत्तर दिलं तर मंत्री सभागृहात उघडे पडतात. निम्मं काम प्रश्न पुकारला जाण्याआधीच होतं. मग उपप्रश्न. तिथे भाषण करू नये. एक मुद्दा, एक आकडा, एक मागणी. मंत्री ‘तीन महिन्यांत करू’ म्हणाले की ते शब्द कार्यवाहीतून उतरवून घ्यायचे, कारण सभागृहात दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. किती आमदार तिकडे फिरकतात, ते गेल्यावर बघ. तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या लक्षवेधीचं तंत्र वेगळं आहे, खात्याच्या खर्चात कपात मागणाऱ्या कपात सूचनेचं आणखी वेगळं. ते भेटीत सांगेन.

आणि या प्रश्नांचा कच्चा माल तुझ्याकडे आत्ता आहे, आमदाराकडे नाही. मुकादमाचं नाव तुला माहीत आहे. कोणत्या चाळीत पाणी पहाटे चारला येतं हे तुला माहीत आहे. वर गेलेली माणसं हे दोन वर्षांत विसरतात.

आरक्षणाचं मात्र डोक्यात ठेव. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक, निम्म्या जागा महिलांच्या, आणि दर निवडणुकीला सोडत. पुढच्या सोडतीत तुझा प्रभाग कोणत्या प्रवर्गात जाईल हे कोणी सांगू शकत नाही. चांगली कामं केलेले लोक एका चिठ्ठीने घरी बसलेले मी पाहिलेत, आणि घाबरून घरातल्याच कोणाला तरी उभं करून मागून कारभार बघणारेही. तू असं काही करू नकोस. प्रभाग गेला तर शेजारच्या प्रभागात तुझं काम माहीत असायला हवं, म्हणून आजपासूनच हद्दीपलीकडच्या तक्रारीला ‘ते माझ्याकडे येत नाही’ असं म्हणायचं बंद कर. विधानसभेत महिलांना एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण ती जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडलेली होती. तिच्या भरवशावर बसू नकोस.

पैशाचं थोडक्यात, पण मनापासून. विधानसभेच्या खर्चाची कायदेशीर मर्यादा ४० लाख. तेवढेही तुझ्या घरात नाहीत, हे मला माहीत आहे आणि ठेकेदारालाही माहीत आहे. तो पहिल्या वर्षी काहीच मागत नाही. गणपतीला मंडपाची वर्गणी देतो, आरोग्य शिबिराला औषधं देतो, तुझ्या कार्यालयाला एसी बसवून देतो. तो एसी परत पाठव. एकदा त्याच्या हवेत बसलीस की त्याने केलेल्या रस्त्याच्या दर्जाबद्दल विचारायला तोंड उघडत नाही, आणि महापालिकेत गप्प राहायची सवय लागलेला माणूस विधानसभेत अचानक बोलू लागत नाही. वर्गणी काढ. दहा-दहा रुपयांची काढ, पावती दे. वेळ लागेल. लागू दे.

या रविवारी घरी ये. येताना कार्यालयातली तक्रारींची वही आण. नुसत्या सुटलेल्या नकोत, अडलेल्या हव्यात. आपण बसून त्यांची वाटणी करू : कोणती नगरविकासची, कोणती महसूलची, कोणती गृहनिर्माणची, आणि कोणती खरोखर वॉर्ड ऑफिसची. मग त्यांतून दोन प्रश्न लिहून काढू आणि तुमच्या मतदारसंघाच्या आत्ताच्या आमदारांकडे तूच घेऊन जा. पक्ष वेगळा असला तरी जा. सगळ्या तारखांसकट तयार प्रश्न मिळाला तर ते घेतील. येत्या अधिवेशनात तो लागला, तर त्या दिवशी प्रेक्षक गॅलरीचा पास काढून ठेव आणि उत्तर स्वतःच्या कानांनी ऐक.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका