छोट्या अंगणातल्या भिंतीलगतचा वेली गुलाब आठ फूट वाढलाय, पण फुलं फक्त शेंड्यालाच येतात. काय करू?

फांद्या सरळ वर जाऊ देऊ नका; जाळीवर पंख्यासारख्या पसरून शक्य तितक्या आडव्या बांधा, म्हणजे खालपासून फुलं येतील. उभ्या फांदीत शेंड्याचा कोंब खालच्या डोळ्यांना, म्हणजे पानाच्या बेचक्यातल्या बारीक कोंबांना, दाबून ठेवतो. फांदी आडवी झाली की तो जोर ओसरतो, एकेक डोळा फुगून लालसर होतो, त्यातून वीतभर फुटवा निघतो आणि कळी त्याच्याच टोकाला धरते. पुण्यातल्या माझ्या गुलाबाला मी दरवर्षी असंच बांधतो.

मात्र वाकवायच्या त्या हिरव्या, लवचिक फांद्याच. जून, तपकिरी फांदी बुडापासून चिरते, तिला हात लावू नका. बांधायला तार नको, सुती चिंधी घ्या आणि गाठ सैल ठेवा. जाळी भिंतीपासून चार-पाच इंच पुढे हवी, नाहीतर तापलेल्या भिंतीने पानं करपतात. ऑक्टोबरच्या छाटणीत मुख्य फांद्या झुडपी गुलाबासारख्या आखूड करू नका, फक्त बाजूचे फुटवे दोन-तीन डोळ्यांवर कापा. कलमाच्या गाठीखालून आलेला फुटवा मात्र मुळापासून उपटा, तो रानटी असतो.